डिक्कीचं लॉक बदललं, काढलं आणि जुनंच परत बसवलं: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात आमच्या गाडीची डिक्की लागेनाशी झाली. गाडी २०१५ ची, पाच दारांची, छोटी. राहायला अमळनेर, मळा बोरी नदीच्या अंगाला, आणि दावणीला तीन म्हशी. त्यामुळे या गाडीत माणसं बसतात तशी सरकी ढेपेची पोतीही बसतात. हे आधीच सांगतो, कारण दुखणं तिथूनच निघालं.

सुरुवातीला एवढंच व्हायचं की डिक्की आपटली की 'खट्' असा एकच आवाज यायचा. एरवी दोन येतात. पहिल्या खटक्यावर दार अर्धवट अडकतं, दुसऱ्यावर पूर्ण बसतं. आमची पहिल्यावरच राहायची. समोर लाल दिवा, आतलाही दिवा चालू. एका रात्री तसाच राहिला आणि सकाळी बॅटरी उतरलेली. मग आम्ही डिक्की जोरात आपटायला लागलो. नाना तर दोन्ही हातांनी दाबून धरायचे. त्यानं कधी लागायची, कधी वर उसळून यायची.

मी हे अंगावर काढलं असतं, पण धुळ्याहून लेकीला आणताना ती मागच्या सीटवर बसली होती आणि अर्ध्या वाटेत म्हणाली, "पप्पा, डोकं जड झालं, धुराचा वास येतोय." उतरून पाहिलं तर डिक्की बोटभर उघडी. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर फटीतून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. जो वास येतो तो बाकीच्या धुराचा. डिक्की अर्धवट लागलेली असताना 'जवळच जायचंय' म्हणून गाडी काढू नका. काढावीच लागली तर काचा उघड्या ठेवा आणि मागे कुणाला बसवू नका. त्या दिवशी मी घरापर्यंत लेकीला पुढे बसवून, चारही काचा खाली करून आणलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवर गेलो. तिथल्या माणसानं डिक्की दोनदा आपटून पाहिली आणि लॉक गेलं म्हणून सांगितलं. बाजारातलं साधं लॉक साडेपाचशेला, बसवायचे दोनशे. जुनं लॉक मी मागून घेतलं, ही एकच गोष्ट त्या दिवशी बरोबर केली. नवीन लॉक आठ-दहा दिवस चाललं, तेही जोर लावूनच. पुढे तोच एक खटका. वर त्याची स्प्रिंग इतकी मऊ की खड्ड्यात गाडी आदळली की आतून खुळखुळ यायची.

दसऱ्याच्या चार दिवस आधी गावातल्याच एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली. त्यांनी डिक्की उघडी ठेवली आणि पेचकसानं लॉकचा पंजा, म्हणजे पकड घेणारा भाग, आत दाबला. खट्, खट्. दोन्ही खटके नीट. मग हँडल ओढून पंजा मोकळा केला. म्हणाले, "भाऊ, लॉक बदलीसन काय करशी? हूक दबेल शे." म्हणजे लॉक बदलून काय करणार, हूक दबलाय.

लॉक डिक्कीत असतं, आणि ते ज्याला धरतं तो यू आकाराचा हूक खाली उंबऱ्यावर, दोन बोल्टांवर. बोल्टांची भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली असतात, म्हणजे हूक थोडा वरखाली सरकवता यावा. ५० किलोचं पोतं आम्ही त्याच उंबऱ्यावर टेकवून आत ढकलतो, बाहेर काढताना त्याच्यावरूनच ओढतो. असं किती महिने चाललं असेल! हूक दबत दबत खाली गेला. लॉकचा पंजा हुकात पुरता बसायच्या आधीच बीडिंगचं रबर (पाणी-धूळ अडवणारी कडेची पट्टी) आणि कडेचे बफर (दार टेकतं ते रबरी ठोकळे) दाराला अडवायचे. म्हणून जोर लावावा लागायचा.

काकांनी हुकावर ओला खडू घासला, डिक्की हळू टेकवली आणि उघडून दाखवली. खडू फक्त वरच्या टोकाला पुसलेला. पंजा हुकात पुरता उतरतच नव्हता. मग हुकाची मूळ जागा मार्करनं आखून घेतली, बोल्ट सैल केले आणि हूक वर उचलला. जेमतेम दोन मिलिमीटर. डिक्की दोन बोटांनी ढकलली आणि लागली. नाना बाजूला उभे होते, त्यांनी ती चार वेळा उघडून लावून पाहिली.

माझं जुनं लॉक काकांनी धुतलं. आत ढेपेचा भुसा आणि वाटेवरची धूळ ग्रीसमध्ये कालवून काळा चिखल झाला होता, त्यानं पंजा जड झालेला. आधी डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारून ब्रशनं घाण काढली, कोरडं पुसलं आणि मग पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं लावलं. डब्ल्यूडी-४० एकट्यावर भागत नाही. ते घाण सोडवतं, पण वंगण म्हणून टिकत नाही. ते धुतलेलं जुनं लॉकच परत बसवलं. सगळे मिळून तीनशे रुपये घेतले.

आता आषाढ सरत आला, नऊ महिने झाले. थंडीत काहीच त्रास नाही. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला पाहुण्यांची ये-जा असते, दिवसातून दहा-बारा वेळा डिक्की उघडली असेल. उन्हात उभी असली की लावायला थोडी जड वाटायची. मला भीती वाटली की हूक परत सरकला. पण ते डिक्की वर उचलून धरणाऱ्या शॉकअपचं होतं. त्यात दाबलेला गॅस असतो, तापला की दाब वाढतो आणि दार वर रेटतो. संध्याकाळी गाडी गार झाली की पुन्हा हलकी.

खरी उणीव पावसात दिसली. मृगाच्या दुसऱ्या सरीत डाव्या कोपऱ्यातून पाणी आत आलं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचलं. हूक वर घेतला तेव्हा बीडिंगवरचा दाब कमी झाला होता. हे तपासायला वर्तमानपत्राची पट्टी डिक्कीत धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. जिथे ती सहज निसटते तिथे रबर बसत नाही. आमची डावीकडे निसटत होती. काकांनी हूक केसभर खाली घेतला, बफर अर्धा आटा फिरवला. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, कोरडं आहे. स्टेपनीखाली मात्र गंजाचा डाग पडला, तो घासून रंग लावला.

हे घरी करायचं असेल तर बोल्ट पूर्ण काढू नका, हूक मिलिमीटरच्या पुढे एकदम हलवू नका, आणि पेचकसानं पंजा दाबून पाहिल्यावर हँडल ओढून तो मोकळा करायला विसरू नका. बंद पंजावर डिक्की आपटली तर चांगलं लॉक वाकतं. मागून गाडीला ठोकर बसली असेल तर हा उपाय चालणार नाही. तिथे पत्राच हललेला असतो. आणि पंजाला दोन खटके येतच नसतील तर लॉक खरंच गेलं. तेव्हा साडेपाचशेचं घेऊ नका, कंपनीचंच घ्या.

ढेप अजूनही याच गाडीतून येते. उंबऱ्यावर आता जुन्या टायरच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा टाकतो, त्यावर फळी, आणि पोतं दोघांनी उचलूनच ठेवायचं असं घरात ठरलंय. ग्रीस दर तीन महिन्यांनी पुसून नवं लावतो, कारण त्याला धूळ चिकटतेच. मार्करची रेघ अजून तिथेच आहे. दर पंधरवड्याला पाहतो, तिच्यापासूनचं हुकाचं अंतर बदललेलं नाही.