स्तनाचा कर्करोग आणि हळद : फोडणीतली की कॅप्सूलमधली?

उपचार सुरू झाल्याचं कळलं, की कोणीतरी कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या, कॅप्सूलची डबी घेऊन भेटायला येतंच. ती उघडावी, की आमटीतली हळद पुरे?

कॅप्सूलच्या जाहिराती उभ्या आहेत त्या प्रयोगशाळेतल्या निकालांवर. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं, की त्यांची वाढ थांबते, बऱ्याच मरतात. हे खरं आहे. मात्र त्यासाठी सहसा १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात पदार्थ किती विरघळलाय याचं माप) इतकी तीव्रता लागते. माणसाने दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन गिळलं, तरी रक्तात ती जेमतेम २ च्या आसपास पोचली. बाकीचं आतडी आणि यकृत परस्पर निकालात काढतात.

या हिशेबात स्वयंपाकघर कुठेच बसत नाही. चमचाभर हळदीत कर्क्युमिन साधारण १०० मिलिग्रॅम. जास्त कर्क्युमिनसाठी ओळखली जाणारी वायगावची हळद घेतली तर थोडं अधिक. गाठीवर त्याचा परिणाम होईल अशी आशा धरू नका. भीतीही धरू नका. हळदीचं दूध आवडतं ना? खुशाल प्या.

कॅप्सूलचं तसं नाही. कर्क्युमिन अंगी लागावं म्हणून अनेक कंपन्या तिच्यात मिरीतलं पिपरिन घालतात. १९९८ च्या एका अभ्यासात त्याने रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढलं. गोम इथेच आहे, कारण इतर औषधांचा निचरा करणाऱ्या यंत्रणेतही पिपरिन ढवळाढवळ करतं. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन ही स्तनकर्करोगावरची गोळी घेणाऱ्या १६ रुग्णांना रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. शरीरात टॅमॉक्सिफेनपासून तयार होणारं, प्रत्यक्ष काम करणारं एंडॉक्सिफेन सुमारे ८ टक्क्यांनी घटलं; पिपरिन जोडल्यावर १२ टक्क्यांनी. पाच-दहा वर्षं नेमाने घ्यायच्या गोळीचा असर स्वतःहून कमी करून घेण्यात काय शहाणपण?

केमोबाबत २००२ चा एक प्रयोग मला जास्त खटकतो. काही केमो औषधं पेशीत ऑक्सिडेशनचा ताण निर्माण करूनही तिला मारतात, आणि कर्क्युमिन तर अँटिऑक्सिडंट. त्याच एमसीएफ-७ पेशींवर डॉक्सोरुबिसिनचा मारा त्याने बोथट केला, उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फामाइडचाही. माणसांत असंच होईल असं यातून सिद्ध होत नाही, पण जोखीम कशाला?

दुसरी बाजूही आहे. २०२० मध्ये आर्मेनियातल्या १५० स्त्रियांच्या चाचणीत पॅक्लिटॅक्सेल या केमो औषधासोबत कर्क्युमिन दिल्यावर ५१ टक्के जणींच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, नुसत्या पॅक्लिटॅक्सेलवर ३३ टक्के. फक्त ते शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं होतं. दुकानातली डबी म्हणजे ते नव्हे.

तेव्हा केमो किंवा टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर माझ्या मते कॅप्सूल नकोच. उपचार संपल्यावर सांधेदुखीसाठी घ्यायची असेल, तर डबीवरचं लेबल डॉक्टरांना दाखवा आणि यकृताची तपासणी करून घ्या. अशा कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत आहेत. आधीपासून घेत असाल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा. टॅमॉक्सिफेन मात्र मनाने बंद करू नका.