आठ महिने छर्रे टेस्ट करून काय हाती लागलं (10 मीटर एअर पिस्तूल)

मागच्या जूनमध्ये सुरू केलं होतं, आता फेब्रुवारी आहे, सविस्तर लिहिते म्हणून बऱ्याच जणांना सांगितलं होतं ते आज लिहितेय. बाहेरच्या देशात काडतुसाचं पिस्तूल मारणारे लोक दारू, बुलेट सगळं मोजूनमापून आपली काडतुसं आपणच भरतात आणि मग कुठली भरती आपल्या बॅरलला (नळीला) चालते ते बघतात. आपल्या एअर पिस्तूलात भरायचं काहीच नसतं, छर्रा तयारच मिळतो, त्यामुळे आपल्या हातात फक्त निवड उरते आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. दुकानात जो डबा असेल तो घ्यायचा आणि मारत सुटायचं. मीही चार वर्षं तेच केलं.

जूनमध्ये दहाऐवजी माझे नऊ फार पडायला लागले, तेही 9.8, 9.9 असे, अगदी रेषेला चिकटून. पिस्तूलाच्या क्वालिफिकेशनमध्ये पॉइंटनंतरचा आकडा धरत नाहीत, 9.9 म्हणजे सरळ नऊ, आणि 60 शॉटमध्ये नेहमीच्या नऊंवर असे पाच-सहा जास्तीचे गेले की मेडल सोडा, फायनलसुद्धा गेली. सर म्हणाले ट्रिगर बघ. मला छर्ऱ्यांचा संशय होता.

भोसरीला काकांचं वर्कशॉप आहे, तिथे शेडमध्ये आरामात 10 मीटर मिळतात. संध्याकाळी कामगार गेले की शटर बंद, समोर लोखंडी पेलेट ट्रॅप. हात मध्ये येऊ नये म्हणून पिस्तूल क्लॅम्पमध्ये धरायचं; पहिला क्लॅम्प मी प्लायवूडच्या टेबलावर लावला होता आणि प्रत्येक ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका) हळूहळू खाली सरकत जायचा, मी छर्ऱ्यांना दोष देत बसले. काका लांबून बघत होते, म्हणाले, "टेबल हलतंय गं, आधी ते बघ." मग त्यांनी जुन्या मिलिंग मशीनच्या बेडवरच क्लॅम्प बसवून दिला, जबड्यांना आतून चामडं लावलं. पकड फ्रेमला, बॅरलला किंवा हवेच्या सिलिंडरला अजिबात नाही. एक ग्रुप झाला की हँडल फिरवून बेड बाजूला सरकवायचा, लॉक करायचा, की पुढच्या कार्डावर नवीन ग्रुप. याच्यापेक्षा चांगली सोय मला तरी कुठे दिसली नाही.

माझी मोठी चूक पाच शॉटची. पहिल्याच आठवड्यात एका लॉटचा (कारखान्यात एका वेळी बनलेले छर्रे) पाच शॉटचा ग्रुप भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत 5.3 मिमी आला, म्हणजे छर्ऱ्याचे 4.5 वजा केले की 0.8, जवळजवळ एकच भोक. इतका आनंद झाला की त्याच लॉटचे सहा डबे उचलले. नंतर दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप मारले तर सरासरी 7.4. पाच शॉट नशिबानेही जुळतात हो, दहा शॉट आणि तेही पुन्हा पुन्हा मारल्याशिवाय कुणाचंच ऐकू नका, माझंही नाही.

एकूण सात लॉट झाले. वजनं 0.45 ग्रॅमपासून 0.53 पर्यंत, हेड साइज (छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास) 4.49 आणि 4.50 मिमी. वजनाने माझ्या पिस्तूलात सांगण्यासारखा फरक पडला नाही. सोनाराचा काटा आणून 200 छर्रे एकेक करून तोलले, दोन रविवार गेले, कार्डावर काहीच दिसलं नाही, तो उद्योग कुणी करू नका. हेड साइजने थोडा पडला, 4.49 बरं निघालं. पण खरा फरक लॉटमध्ये होता. कंपनी तीच, नाव तेच, वजन आणि हेड साइज तेच, फक्त डब्यावरचा लॉट नंबर वेगळा, आणि एकाचा ग्रुप 6.4 तर दुसऱ्याचा 9.6! कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही कारण तुमच्या बॅरलला उलटंही निघू शकतं.

9.6 म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत 5.1, म्हणजे छर्रा कुठल्याही बाजूला अडीच मिमी जाऊ शकतो. पिस्तूलाच्या टार्गेटवर 0.1 म्हणजे 0.8 मिमी. हिशोब करा, तुम्ही 10.1 चा शॉट मारलात आणि छर्ऱ्याने तो 9.8 वर नेला. जूनचे माझे सगळे नऊ याच्यामुळे होते असं नाही, ट्रिगरचा दोष होताच, सर बरोबर होते, पण सगळा दोष माझा नव्हता हेही कार्डावर दिसलं.

अजून एक. एका दुकानातून आलेला डबा कोपऱ्यात चेपलेला होता, आतल्या कितीतरी छर्ऱ्यांचा स्कर्ट (मागची पातळ कड) वाकलेला. काचेवर आडवा ठेवून ढकलला की चांगला छर्रा गोल वळत जातो, वाकलेला डगडग करत जातो, लगेच ओळखू येतो. दुकानदाराने बदलून दिला नाही. तेव्हापासून डबा दुकानातच उघडून बघते, कुणाला राग आला तरी.

बॅरल साफ केल्यावर पहिले 15-20 शॉट मोजायचे नाहीत, ते कुठेही जातात. सिलिंडर 200 बारला भरून सुरू करा आणि फार उतरू देऊ नका. छर्रा दरवेळी सारख्याच दाबाने बसवा. कार्ड चांगलं वापरा, भोक पंचिंग मशीनसारखं स्वच्छ कापलं गेलं पाहिजे, साध्या कागदावर कडा फाटतात आणि मग मोजायचा व्हर्नियर कुठे लावायचा तेच कळत नाही. आणि शिसं आहे, साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका, जेवणाच्या डब्याला म्हणतेय. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते, माझा अर्धा डबा असाच गेला.

6.4 वाला लॉट नोव्हेंबरमध्ये मिळाला, लगेच त्याच नंबरचे 20 डबे घेतले, पैसे आईकडून. बालेवाडीच्या रेंजवर आठवड्यात चार दिवस मारते, बारा डबे उरलेत, जूनपर्यंत पुरतील. त्याआधी मे मध्ये नवीन लॉट शोधायला परत भोसरीला जायचंय. कुणाला आपले डबे घेऊन यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी या, काकांना विचारलंय. फक्त पिस्तूल तुमचं तुम्ही आणा, माझ्या बॅरलचा रिझल्ट तुमच्या काही कामाचा नाही.