भेगेच्या टोकाशी ‘के’ काढताना कोणती पद्धत निवडावी?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या कारखान्यात दाबपात्राच्या नोझलच्या (नळी जोडण्याच्या तोंडाच्या) वेल्डपाशी भेग सापडली, की ते पात्र चालू ठेवायचे की उतरवायचे, याचे उत्तर प्रतिबल-तीव्रता गुणकावर (भेगेच्या टोकाशी प्रतिबल किती तीव्र होते हे सांगणाऱ्या आकड्यावर), म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या ‘के’वर, येऊन ठेपते. पोलादासाठी पॅरिस समीकरणातला (भार पुन्हापुन्हा येताना भेग किती वेगाने वाढते ते ‘के’वरून सांगणाऱ्या सूत्रातला) घातांक साधारण 3 असतो; म्हणून ‘के’ 10 टक्क्यांनी जास्त धरला गेला, तर भेगवाढीचा वेग 33 टक्क्यांनी जास्त निघतो.

‘के’ काढण्यासाठी संगणकावर पात्राचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडतात; ते बिंदूंनी (नोड) जोडलेले असतात आणि त्या साऱ्या जाळीला मेश म्हणतात. सर्वांत सोपी पद्धत विस्थापनांची, म्हणजे बिंदू किती हलले त्याची. टोकाशी भेगेची दोन्ही पृष्ठे एकमेकांपासून किती दूर गेली हे मोजायचे आणि त्यावरून ‘के’ काढायचा. एलिमेंटच्या बाजूवरचा मधला नोड टोकाकडे पाव अंतरावर सरकवला, की अपेक्षित विकृती आपोआप मिळते. ही युक्ती 1970च्या दशकापासून वापरात आहे. मात्र उत्तर टोकाजवळच्या मेशवर फार अवलंबून राहते, आणि प्रतल-विकृतीऐवजी (जाड भागातल्या स्थितीऐवजी) प्रतल-प्रतिबल (पातळ पत्र्यातली स्थिती) गृहीत धरले, तर पोलादात ‘के’ जवळजवळ 9 टक्के कमी येतो.

दुसरी पद्धत ऊर्जेची. राइस यांनी 1968 मध्ये मांडलेला जे-इंटिग्रल (भेग वाढताना सुटणाऱ्या ऊर्जेचे माप) टोकाभोवती आखलेल्या, टोकापासून दूरच्या वलयांवर काढता येत असल्याने टोकाजवळच्या मेशच्या उणिवा त्यात फारशा उतरत नाहीत. पण ‘जे’ एकच आकडा देतो; उघडणे आणि सरकणे यांचे वाटे वेगळे हवे असतील, तर ‘जे’वरूनच बेतलेला इंटरॅक्शन इंटिग्रल घ्यावा लागतो, आणि नोझलपाशी ते बहुधा हवेच असतात. पात्राच्या आतल्या बाजूच्या भेगेत दाब शिरतो. एका कामात मी तो भेगेच्या पृष्ठांवर लावला, पण इंटिग्रलमधले त्याचे पद सुरू करायचे राहिले. दुसऱ्या वलयापासून पाचव्यापर्यंत आकडे स्थिरावण्याऐवजी सरकत गेले, म्हणून चूक सापडली. दाब लावायलाच विसरलो असतो, तर सगळी वलये सुरेख जुळली असती आणि उत्तर निमूटपणे कमी आले असते.

टोकाशी लागणारे बल आणि त्यामागचे उघडणे यांच्या गुणाकारावरून ऊर्जा काढणारी व्हीसीसीटी (आभासी भेग मिटवण्याची) पद्धत संमिश्र पदार्थांतले थर सुटताना उत्तम चालते. मला ती वेल्डसाठी गैरसोयीची वाटते, कारण भेगेच्या कडेला काटकोनात बसणारे, सारख्या लांबीचे एलिमेंट तिथे क्वचितच बसवता येतात. भेग कुठे वळेल हे आधी माहीत नसेल, तर एक्सएफईएम (भेगेला एलिमेंटच्या आतून जाऊ देणारी विस्तारित पद्धत) मेश पुन्हा करण्याचा त्रास वाचवते. पण भेगेची कड एलिमेंटमधून कशीही जात असल्याने कडेवरचे आकडे खालीवर होतात.

नोझलच्या स्थिर भेगेसाठी मी इंटरॅक्शन इंटिग्रल निवडीन, पहिले वलय सोडून देईन आणि पडताळणीसाठी विस्थापनांची पद्धत ठेवीन. भेगेची कड पात्राच्या पृष्ठभागाला जिथे मिळते, त्या नोडवरचा आकडा मात्र कोणत्याही पद्धतीत ग्राह्य धरू नये, कारण तिथे नेहमीची वर्गमूळ-विलक्षणताच (टोकाकडे जाताना प्रतिबल अंतराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात वाढण्याचा नियम) लागू होत नाही.

घेतलेली पद्धत आधी मोठ्या ठोकळ्याच्या आत दडलेल्या गोल भेगेवर चालवून पाहावी: 10 मिमी त्रिज्या आणि 100 मेगापास्कल ताण असताना ‘के’ सुमारे 357 मेगापास्कल √मिमी यायला हवा. तोच मीटरमध्ये 11.3 होतो, आणि अहवालात एकक लिहायचे राहिले तर वाचणाऱ्याची चूक थेट 31.6 पटींची होते.