कौलारू चर्चचं छप्पर – खानापूरच्या मेस्त्रींचं काम एक नंबर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका खेड्यात आमचं छोटं बॅप्टिस्ट चर्च आहे, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. छप्पर गळायला लागलं तेव्हा कमिटीत बहुतेकांचं एकच, कौलं काढा आणि पत्रा मारा. आम्ही दोघंतिघं हटून बसलो की आधी कौलाचं काम जाणणारा माणूस बघूया, तेव्हा हे मेस्त्री मामा मिळाले. पाच स्टार मनापासून देतोय.

मामांनी सगळी कौलं उतरवली आणि एकेक हातात धरून बोटानं वाजवून बघितलं, खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. वाळवीनं खाल्लेल्या रीपा बदलल्या पण जुने सागवानी वासे चांगले होते ते तसेच ठेवले, नवीन लाकूड खपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. कौलाच्या पोटावर छाप निघाला, बासेल मिशन (स्वित्झर्लंडहून आलेलं ख्रिस्ती मिशन), मंगळूर, १८६५. झालं, सगळ्या मंडळीत गाजावाजा की चर्च १८६५ चं! मामाच म्हणाले, "अहो हे कारखाना सुरू झाल्याचं साल, पुढं कित्येक वर्षं हाच छाप मारत होते." आणि ते बरोबरच आहे, मंगळूरला मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ ला सुरू झाला. बेळगावात १८२० ला आलेलं मिशनही लंडन मिशन, बॅप्टिस्ट नव्हे, त्यामुळे ते साल पण आपल्या बोर्डावर लावायचं नाही. खोटं वय लावून चर्चचा मान वाढत नाही हे मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं.

सगळ्यात जास्त आभार हौदासाठी. स्टेजच्या फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा हौद आहे, आमच्यात लहान बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, स्वतः विश्वास कबूल केलेल्या माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून देतात, म्हणून हौद लागतोच. हौद व्हायच्या आधी सगळे बाप्तिस्मे मलप्रभा नदीत व्हायचे असं जुन्या बायका सांगतात. हौदाला फट पडली होती, आधी बघायला आलेला एक कंत्राटदार म्हणत होता हौदात रॅबिट (बांधकामाचा राडारोडा) भरून वर टाइल्स घालू. मामांनी ऐकताच नाही म्हटलं, फट साफ केली, चुन्यानं भरली, मग पाणी भरून दोन दिवस ठेवून दाखवलं, थेंब कमी नाही. भिंतीवर कोणीतरी मारलेलं सिमेंट पण खरवडून काढलं, त्यामुळेच जांभ्यातली ओल आत अडकून भिंती फुगत होत्या.

तक्रार एकच, कबूल केलेल्या तारखेला आले नाहीत, फोन पण लवकर उचलत नाहीत, आणि आपल्याकडचा पाऊस काय थांबत नाही. म्हणून ज्यांचं कौलारू चर्च, देऊळ, शाळा असेल त्यांनी शिमग्याच्या आधीच बोलून ठेवा. रेट पत्र्यापेक्षा जास्त पडतो, पण हिशोब कागदावर देतात आणि उरलेली कौलं मोजून परत करतात. घंटेची कमान राहिलीय, दिवाळीनंतर तेही काम यांनाच देणार.