मिरजेहून ग्वाल्हेरला तंबोरा: रेल्वे पार्सल की कुरिअर?

कुरिअरवाले आकारमानाचे वजन लावतात: १४५×५०×४५ सेंमीचे खोके भागिले ५००० म्हणजे ६५ किलो, वाजवायचा तंबोरा मात्र जेमतेम पाच-सहा किलोचा! पण माल दारात येतो.

गोवा एक्सप्रेस मिरजेहून थेट ग्वाल्हेरला येते, त्यामुळे मध्ये आदळआपट कमी. रेल्वेकडे तंबोऱ्याची किंमत जाहीर करून तिच्यावर जादा टक्केवारी भरा, नाहीतर नुकसानीची भरपाई किलोमागे ५० रुपयांवर अडकते. खोके चेपलेले दिसले तर सही करण्याआधी ‘ओपन डिलिव्हरी’ (रेल्वे कर्मचाऱ्यांसमोर उघडून ताबा) मागा. दाव्याची लेखी नोटीस सहा महिन्यांत.

कशानेही पाठवा, तारा सैल करून ठेवा. भोपळा तडकतो तो बहुधा दांडीच्या सांध्याशी, म्हणून त्या सांध्याखाली गादी हवीच. आम्ही रेल्वेच निवडू.