किटलीतल्या क्षारांवर वाण्याचं लिंबूसत्त्व

आमच्याकडे बोअरचं पाणी. सहा महिन्यांत इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला असा पांढरा थर बसला की चहात पापुद्रे तरंगायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यांना हा चहा देणार का?" आधी व्हिनेगर वापरून पाहिलं. थर निघाला, पण दोन दिवस चहाला लोणच्याचा वास. मग वाण्याकडून लिंबूसत्त्वाची, म्हणजे सायट्रिक ॲसिडची, 100 ग्रॅमची पुडी आणली.

पहिल्यांदा गार पाण्यातच दोन चमचे टाकले. थरावर बारीक बुडबुडे धरले, पण तासाभराने पाहिलं तर निम्मा थर जागच्या जागी. दुसऱ्यांदा पाणी उकळून, बटण बंद करून टाकलं, तर सोड्यासारखं फसफसलं आणि वीस मिनिटांत खालचं स्टील दिसलं! हा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि पाणी गरम असलं की हे सगळं भराभर उरकतं.

हावरटपणा मात्र नको. एकदा मी पाच चमचे ओतून वर पुन्हा उकळी आणली, तर तळाशी नवीनच पांढरी भुकटी. ते कॅल्शियम सायट्रेट. साखरेच्या अगदी उलट, ते गरम पाण्यात कमी विरघळतं. लिटरला दोन चमचे पुरे, नंतर किटली दोनदा खळखळून धुवायची.

तक्रार एकच, पुडीची. पावसाळ्यात ओल धरून दगड होतो. बरणीत भरा, फक्त मिठाशेजारी ठेवू नका. आमच्याकडे ते एकदा आमटीत गेलं, आणि ह्यांनी दोन वाट्या मागून घेतल्या.