फायटर आणि गप्पी एकाच टाकीत : ॲक्रिलिकच्या पडद्याचा आठ महिन्यांचा अनुभव

फायटरच्या टाकीत गप्पी ठेवायचे असतील तर मधे छिद्रांचा पडदा बसवावा, असा सल्ला मासे पाळणाऱ्यांकडून नेहमी मिळतो. असाच एक पारदर्शक ॲक्रिलिकचा पडदा मी आठ महिने वापरला. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर ५४ लिटरची होती. एका बाजूला एक नर फायटर आणि दुसऱ्या बाजूला सहा गप्पी होते. पडदा दणकट आहे, त्याच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत आणि एवढ्या काळात तो पिवळा पडला नाही किंवा वाकलाही नाही. मात्र पडदा मासे वेगळे करतो, पाणी वेगळे करत नाही, आणि विकत घेण्यापूर्वी नेमकी हीच गोष्ट मनात पक्की असायला हवी होती.

नर फायटरला स्वतःच्या हद्दीत लांब, रंगीत, फडफडणारी शेपटी दिसली की तो तिला प्रतिस्पर्धी नराची शेपटी समजतो, आणि गप्पीच्या नराची शेपटी अगदी तशीच असते. त्यामुळे या दोन जातींमध्ये भिंत हवी, यात शंका नाही. प्रश्न ती भिंत किती घट्ट बसते, हा आहे. पडद्यासोबत आलेल्या सक्शन कपांची पकड दुसऱ्या आठवड्यातच सैल झाली, कारण काचेवर शेवाळाचा अगदी पातळ थर धरला तरी रबर सरकू लागते. शेवटी दोन्ही बाजूंच्या खाचेच्या पट्ट्या मत्स्यालयाला चालणाऱ्या सिलिकॉनने काचेला चिकटवल्या आणि पडद्याची खालची कड चार सेंटिमीटर खडीत रुतवली. त्यानंतर तो हलला नाही. कंपनीने सक्शन कपांऐवजी सुरुवातीपासूनच चिकटवायच्या पट्ट्या द्यायला हव्या होत्या.

वरच्या बाजूची चूक माझी होती. फायटर हवेतला प्राणवायू घेण्यासाठी पृष्ठभागावर येणारा मासा असल्याने पाणी आणि झाकण यांत मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणून मी पडदा पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम दोन सेंटिमीटर वर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला तेव्हा एक गप्पी फायटरच्या बाजूला, हीटरच्या मागे काचेला अंग घासत उभा होता. त्याची शेपटी निम्म्याहून अधिक कुरतडलेली होती आणि श्वास इतका जलद चालला होता की कल्ल्यांची झाकणे थरथरताना दिसत होती. तो वाचला आणि त्याची शेपटी पुढे बऱ्यापैकी भरूनही आली, परंतु मी पाण्याची पातळी उतरवली आणि पडदा झाकणाला भिडेल इतका उंच केला. दोन्ही जाती उडी मारतात, ही सूचना खोक्यावर ठळक छापायला हवी.

पाण्याची बाब मात्र पडद्याच्या दर्जाने सुटणारी नाही. एका बाजूला उरलेले अन्न कुजले की तयार होणारा अमोनिया छिद्रांतून दोन्ही बाजूंना पोहोचतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढतात, आणि नव्या टाकीत ते पुरेसे जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पडदा लावल्याने हा काळ कमी होत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरवणारे परजीवी तर पाण्यात पोहत पलीकडे जातात, त्यामुळे आजारी मासा पडद्याआड ठेवणे म्हणजे विलगीकरण नव्हे. त्यासाठी वेगळे भांडेच हवे. प्रवाहाचाही विचार करावा लागतो. माझा हीटर फायटरच्या आणि स्पंज फिल्टर गप्पींच्या टोकाला होता, तेव्हा एकीकडे २७ अंश आणि दुसरीकडे साडेपंचवीस अंश सेल्सिअस असे तापमान दिसत होते. हीटर पडद्याजवळ घेतल्यावर आणि स्पंज फिल्टरचे बुडबुडे पडद्याला लागून वर येतील असे केल्यावर हा फरक अर्ध्या अंशाच्या आत आला.

म्हणूनच जोडी निवडताना आधी पाणी पाहावे. फायटरला मऊ ते मध्यम आणि गप्पीला बऱ्यापैकी कठीण पाणी आवडते, तरी पीएच ७ ते ७.५ आणि तापमान २५ ते २७ अंश यांत दोघांचेही बरे चालते. फायटर आणि गोल्डफिश ही जोडी मात्र पडदा कितीही चांगला असला तरी चुकीचीच ठरते, कारण गोल्डफिशला थंड पाणी लागते, तो खूप घाण करतो आणि फायटरला २४ अंशांखाली सुस्ती येते.

पारदर्शकपणाचा त्रास मला सर्वांत जास्त जाणवला. पहिले काही दिवस फायटर पडद्यासमोर कल्ले फुगवून येरझारा घालत राहिला, त्याने खाणे कमी केले आणि त्याचे पंख कडेला फाटू लागले. समोर शत्रू दिसतो आणि तो हाकलताही येत नाही, ही अवस्था कुठल्याही माशासाठी क्रूर आहे. जावा मॉस ही पाणवनस्पती जाळीला बांधून पडद्याच्या दोन्ही बाजूंना लावल्यावर आठवडाभरात तो शांत झाला आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधू लागला. दुधी रंगाचा अपारदर्शक प्रकार मिळत असेल तर निःसंकोच तोच घ्यावा.

छिद्रे सुमारे पाच मिलिमीटरची आहेत. गप्पी पिल्ले घालतात, आणि नुकती जन्मलेली बारीक पिल्ले या छिद्रांतून सहज पलीकडे जातात. गप्पीची मादी नराचे बीज काही महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे फक्त माद्या आणल्या तरी पिल्ले होण्याची शक्यता राहते. पहिल्या विणीतली किती पिल्ले फायटरच्या बाजूला गेली हे मोजता आले नाही. त्याचे फुगलेले पोट तेवढे दिसले. तेव्हापासून मी फक्त नर ठेवले.

आता या टाकीत पडदा नाही. गप्पी दुसऱ्या टाकीत गेले आणि फायटरच्या सोबतीला मी सहा कोरिडोरास आणले. त्यांच्या मिशा झिजू नयेत म्हणून खडी काढून बारीक वाळू घातली. हे मासे कळपाने तळाशी वावरतात आणि बुडणारे दाणे खातात. हवा घेण्यापुरते ते सर्रकन वर येऊन जातात, आणि त्यांची शेपटी आखूड असल्याने फायटर त्यांच्याकडे क्वचितच वळून पाहतो. पडदा धुऊन ठेवला आहे, कारण नवा मासा काही दिवस जुन्यांच्या तावडीबाहेर ठेवायला किंवा भांडकुदळ नर तात्पुरता वेगळा करायला तो उत्तम आहे. घेणाऱ्याने टाकीची रुंदी आतून मोजावी. मी बाहेरून मोजली होती आणि काचेच्या जाडीएवढी जादा कड मला घासून काढावी लागली.